स्टेनोची वही आणि वकिलाची वही

'मॅडम, मी उदगीरजवळच्या एका गावातली. बी.ए. मराठी माध्यमातून केलं, आता पुण्यात तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या पहिल्या वर्षाला आहे. सोयाबीनची पट्टी आली तेव्हा वडिलांनी त्यातून मला लॅपटॉप घेऊन दिला. वर्गात मी त्याच्यावरच नोट्स काढते. टायपिंगचा वेग चांगला आहे, सरांचा शब्दन् शब्द उतरतो. पहिल्या सत्राच्या नोट्स 300 पानांच्या वर गेल्या. पण परीक्षेआधी उघडल्या तर त्या मी लिहिल्यात असं वाटेचना. कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे करार कायदा, या विषयाच्या अंतर्गत परीक्षेत 30 पैकी 11 मिळाले. माझी रूममेट शंभरपानी वहीत अर्धं मराठी अर्धं इंग्रजी असं काहीतरी खरडते, तिला 22. त्यात आता एका सरांनी तासाला लॅपटॉप उघडायचा नाही म्हणून सांगितलंय. मोबाइलवर रोज वाचते की हाताने लिहिलेलं मेंदूत जास्त राहतं. वडील दर फोनला विचारतात, "लॅपटॉप वापरायलीस ना?" मी हो म्हणते. आता हाताने लिहायला लागले तर त्यांचे पैसे वाया गेल्यासारखं नाही का होणार? आणि वही काढली तर मला सगळं उतरवून घ्यायला जमणारच नाही. काय करू?'

अगं, तुझं शेवटचं वाक्य मी पुन्हा वाचलं. वहीत सगळं उतरवून घ्यायला जमणार नाही, हे तू अडचण म्हणून लिहिलं आहेस. मला विचारशील तर तुझ्या रूममेटचे 22 तिथूनच आलेत.

एखाद्या कामाच्या दिवशी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जा आणि साक्ष चालू असेल त्या कोर्टात मागच्या बाकावर गुपचूप बस. स्टेनो न्यायाधीश सांगतील तो शब्द घेत असतो. त्याचा एक शब्द गळला तरी घोटाळा. त्याच्या समोर उभ्या असलेल्या वकिलाकडे बघ. तासाभराच्या उलटतपासणीत त्याच्या कागदावर सहा-सात ओळी होतात. एक तारीख, तिच्याभोवती गोल, पुढे प्रश्नचिन्ह. संध्याकाळी स्टेनोला विचारलंस की साक्षीदार कुठे अडखळला, तर तो म्हणेल, थांबा, कागद बघून सांगतो. वकील चहाचा कप खाली न ठेवता सांगेल. माझे यजमान वकिली करायचे, म्हणून असे कागद मी आयुष्यभर घरात आवरले आहेत. पाठकोऱ्या लग्नपत्रिका, विजेची बिलं, किराणा दुकानदाराची यादी. तिसऱ्या माणसाला त्यातलं अक्षर लागायचं नाही, आणि त्यांना चार वर्षांपूर्वीच्या दाव्यातला तो गोल बघून अख्खी दुपार आठवायची.

तू वर्गात स्टेनोचं काम चोख केलंस. त्याचेच 11 मिळाले.

आता तुझ्या मोबाइलवरच्या संशोधनाविषयी, कारण त्यात अर्धीच गोष्ट येते. 2014 साली पाम म्युलर आणि डॅनिएल ओपनहायमर या दोघांचा एक अभ्यास छापून आला. त्यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना भाषणांचे व्हिडिओ दाखवले. काहींना वही-पेन दिलं, काहींना इंटरनेट बंद असलेले लॅपटॉप. अर्ध्या तासाने प्रश्न विचारले. नावं, सनावळी, आकडे यांत दोन्ही गट सारखेच निघाले. 'का' आणि 'कसं' विचारल्यावर लॅपटॉपवाले मागे पडले. त्यांच्या नोट्स लांबलचक होत्या, वक्त्याची वाक्यं जशीच्या तशी. मग दुसऱ्या फेरीत काही जणांना आधीच बजावलं की शब्दशः घेऊ नका, आपल्या भाषेत लिहा. तरी बोटं ऐकेनात.

इथपर्यंतचं तुला फॉरवर्ड होऊन आलं असेल. पुढचं आलं नसेल. 2021 मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या गटाने 142 विद्यार्थी घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला. लॅपटॉपवाल्यांनी जास्त शब्द घेतले, शब्दशः घेतले, हे याही वेळी दिसलं. गुणांत मात्र म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. आणि 2024 चा तो नॉर्वेचा अभ्यास, 'लिहिताना मेंदू उजळतो' म्हणून फिरतो तो. 36 विद्यार्थी, डोक्यावर 256 सेन्सरची टोपी. हाताने लिहिताना मेंदूच्या भागांमधलं दळणवळण वाढलेलं दिसलं, हे खरं आहे. पण टाइप करताना त्यांना उजव्या हाताचं एकच बोट वापरायचं होतं, आणि नंतर किती लक्षात राहिलं हे त्यात तपासलेलं नव्हतं. एका बोटाने टाइप करणारी माणसं मी आमच्या कॉलेजच्या ऑफिसात पाहिली, वर्गात नाही.

म्हणून पेनात काही मंत्र भरलेला आहे असं मी तुला सांगणार नाही. हात हळू चालतो, एवढंच त्याचं भांडवल. बोलणारा मिनिटाला 120-150 शब्द बोलून जातो, हात फार तर 20-25 लिहितो. उरलेल्या शंभर शब्दांचं काय करायचं, कुठला टाकायचा, कुठला धरायचा, हे डोक्याला तिथल्या तिथे ठरवावं लागतं. भरभर टाइप करणाऱ्याच्या डोक्यावर ही वेळच येत नाही. शब्द कानातून शिरतो, बोटांतून बाहेर पडतो, मध्ये कुठे थांबत नाही.

आणि हाताने लिहूनही हे असंच होऊ शकतं, हे मी पाहिलंय. पाहिलंय काय, मीच घडवलंय. मी 31 वर्षं अर्थशास्त्र शिकवलं आणि त्यातली पहिली सात-आठ वर्षं पिवळ्या पडलेल्या कागदांवरून वर्गाला नोट्स सांगत होते. 'मुद्दा क्रमांक तीन, उपमुद्दा अ, लिहा.' पोरं माना खाली घालून लिहायची, मीही खूश, तीही खूश. एक दिवस मागणीचा नियम सांगताना माझ्या तोंडून उलटं निघून गेलं: किंमत वाढली की मागणी वाढते. साठ वह्यांत साठ वेळा तसंच उतरलं. एकाचीही मान वर झाली नाही. बाजारात भाजी महागली की आपली आई पाव किलोवर येते हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं, पण ते माहीत असलेलं डोकं त्या तासाला वर्गात नव्हतंच. त्यानंतर मी सांगून लिहवणं बंद केलं. विद्यार्थी नाराज झाले, म्हणाले, मॅडम हल्ली शिकवत नाहीत.

तुझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जिचा त्या अमेरिकेतल्या प्रयोगांशी काही संबंध नव्हता. सर इंग्रजीत बोलतात आणि तू विचार मराठीत करतेस. कीबोर्डवर दोन्ही एकत्र लिहायचं तर दर चार शब्दांनी भाषा बदलावी लागते, कधी बदललेली लक्षातच येत नाही आणि ओळभर भलतीच अक्षरं उमटतात. तासाला एवढा वेळ कुणाला? मग तू साहजिकच सगळं इंग्रजीत ठेवलंस. तुझं मराठी डोकं, ज्याने तुला बी.ए. पार करून दिलं, ते शेजारच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसून राहिलं. वहीला भाषा बदलायचं बटण नसतं. तुझी रूममेट 'काहीतरी खरडते' म्हणालीस ना, ती तासाला भाषांतर करत असते. भाषांतर करायचं तर आधी कळावं लागतं.

कॉन्ट्रॅक्टमधलंच उदाहरण घेऊ, मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष. तुझ्या फाइलमध्ये ते कसं असेल ते मी न बघता सांगते: 'द प्रिव्ही कौन्सिल इन 1903 हेल्ड दॅट ॲन ॲग्रीमेंट बाय अ मायनर इज व्हॉइड अब इनिशिओ.' पुढे कलम 10, कलम 11, करार कायदा 1872. सगळं बरोबर, एक अक्षर चुकलेलं नाही. वहीत ते असं उतरायला हवं होतं:

'धर्मोदास, कलकत्ता. अज्ञान. घर गहाण टाकून सावकाराकडून कर्ज. सावकाराच्या माणसाला माहीत होतं की पोरगा अज्ञान आहे!! करार मुळातच रद्द. मग पैसे? परत नाही. (का??)'

आपल्या कायद्याच्या मराठीत 'मायनर'ला 'अज्ञान' म्हणतात, हे तुला माहीत असेलच. या पाच ओळींत ती दोन उद्गारचिन्हं आणि ती दोन प्रश्नचिन्हं सर्वांत मोलाची आहेत, कारण ती सर बोलले नव्हते. ती तुझी. परीक्षेत प्रश्न येतो तो तिथेच येतो. सावकाराच्या माणसाला ठाऊक होतं, म्हणूनच 'मुलाने आम्हाला फसवलं' असं त्याला म्हणता येईना. आणि करारच नव्हता म्हटल्यावर त्या करारापोटी दिलेले पैसे परत करायला कोर्ट मुलाला भाग पाडेना. हे एकदा कळलं की कलमांचे आकडे आपोआप जागेवर येऊन बसतात. नाही कळलं तर नुसता 1903 लक्षात राहून काय उपयोग?

तासाला काय करायचं ते सांगते. दोनशेपानी वही घे, शंभरपानी तुला पुरायची नाही. पानाला डावीकडे चांगला चार बोटं समास सोड. शाळेत समास सोडायचा तो बाईंनी लाल शाईने रागवायला; इथे तो तुला लागणार आहे. उजवीकडे तासाला लिही: कोण, काय घडलं, वाद कशावर, कोर्ट काय म्हणालं. पूर्ण वाक्यं लिहायचीच नाहीत. बाण चालतील, 'वा.' म्हणजे वादी, 'प्र.' म्हणजे प्रतिवादी, स्वतःच्या खुणा कर. ऐकून सुटलं तिथे रेघ मारून जागा मोकळी ठेव आणि पुढे जा. सुटलेलं नंतर मैत्रिणीकडून मिळतं, पण त्याच्या मागे लागलीस की पुढची तीन वाक्यंही जातात. कलमाचे शब्द मुळीच लिहायचे नाहीत, ते बेअर ॲक्टमध्ये, म्हणजे कायद्याच्या मूळ मजकुराच्या पुस्तकात, छापलेले आहेत, नुसता कलमाचा आकडा टाक.

समास तासाला कोरा राहतो. तो त्याच संध्याकाळी भरायचा, मेसला जायच्या आधी. उजवीकडचं वाचायचं आणि त्याचं उत्तर होईल असा प्रश्न डावीकडे लिहायचा: 'सावकाराला पैसे परत का नाहीत?' कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी 1950 च्या दशकात ही रीत आपल्या विद्यार्थ्यांसाठी बसवली, म्हणून ती त्या विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाते. आठवड्याने उजवी बाजू कागदाने झाकायची आणि समासातल्या प्रश्नांची उत्तरं कोऱ्या कागदावर लिहायची. आधी फार वाईट वाटेल. निम्मं आठवणार नाही. तरी बघायचं नाही, आठवेपर्यंत ताणायचं.

इथे मी जरा हट्टाने बोलणार आहे, कारण बाकी सगळं एकीकडे आणि हे एकीकडे. नोट्स पेनाने काढल्या की बोटांनी, याच्यापेक्षा त्या नंतर कशा वापरल्या याने जास्त फरक पडतो, आणि आपली बहुतेक मुलं त्या फक्त वाचतात, रंगीत पेनाने अधोरेखित करतात, पुन्हा वाचतात. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून येतंय असं वाटतं. 2006 साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर उलटं झालं: दोनदा वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री 'सगळं येतंय' वाटतं आणि हॉलमध्ये हात थांबतो, ते याच्यामुळे.

हातावरून आठवलं. तुझ्या 11 गुणांत हाताचाही थोडा वाटा असणार. सहा महिने कीबोर्डवर काढायचे आणि मग एकदम अख्खा पेपर पेनाने लिहायचा म्हणजे, व्यायाम सोडलेल्या माणसाने थेट सिंहगड चढायला घेण्यासारखं आहे. करोनानंतर ऑनलाइन परीक्षा संपून पुन्हा लेखी पेपर सुरू झाले तेव्हा आमच्याकडची चांगली मुलंसुद्धा चौथ्या प्रश्नाला हात झटकत बसलेली मी पाहिली. आठवड्याला एक उत्तर घड्याळ लावून लिही. पेन हलकं घे, भारीतलं नको.

लॅपटॉप बंद करायला सांगणाऱ्या सरांवर रागावू नकोस. कॅनडातला 2013 चा एक अभ्यास आहे. वर्गात लॅपटॉपवर इकडचं तिकडचं उघडणाऱ्यांचे गुण तर घटलेच, पण त्यांचा पडदा ज्यांना नुसता दिसत होता त्या, हाताने लिहिणाऱ्या मुलांचेही घटले, आणि तेही 17 टक्क्यांनी. तू काही उघडत नसशील. तुझ्या पुढच्या बाकावरचा क्रिकेटचा स्कोअर बघत असेल आणि तू त्याच्या पडद्याकडे. मात्र सरसकट बंदी मला पटत नाही. ज्याचं मनगट धरतं, ज्याला नीट दिसत नाही, ज्याला अक्षर जुळवताना त्रास होतो, त्याला लॅपटॉप लागतोच. अशा कुणी असतील तर त्यांनी सरांना स्पष्ट सांगावं आणि सरांनी ऐकावं.

आता पैशांचं. लॅपटॉप वाया जात नाही, त्याची वेळ फक्त तासानंतरची आहे. ती 300 पानं पुसू नकोस. अभ्यासाला ती निकामी असली तरी शोधायला उत्तम आहेत. 'ते सर कुठे काय म्हणाले होते' हे चार सेकंदांत सापडतं, वहीत चाळीस मिनिटं लागतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये ई-एससीआर ही आपल्या निकालांची ऑनलाइन सोय सुरू केली. तिथे निकाल फुकट वाचता येतात आणि त्यांतल्या काहींचे मराठी अनुवादही आहेत. अनुवाद कुठेकुठे अडखळतो, तरी आधी मराठी वाचून मग मूळ इंग्रजी वाच, भीती निम्मी होईल. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश जवळ ठेव. आणि देवनागरी टायपिंग नीट शिकून घे. राज्य परीक्षा परिषदेची मराठी 30 शब्द वेगाची परीक्षा देऊन टाकलीस तर उत्तम. उद्या तालुक्याच्या कोर्टात उभी राहशील तेव्हा दावा, अर्ज, कैफियत मराठीतही करायची असते, आणि त्या वेळी हे यंत्र तुला रोज भाकरी मिळवून देईल. गावाकडच्या वकिलाला स्वतः मराठी टाइप करता येणं म्हणजे काय चैन असते ते माझ्या यजमानांना विचारायला हवं होतं. त्यांचा अर्धा दिवस टायपिस्टच्या टेबलापाशी जायचा.

राहिले वडील. 'वापरायलीस ना?' असं ते विचारतात तेव्हा त्यांना लॅपटॉपचा हिशेब नको असतो, अगं. पोरगी तिकडे नेमकं काय करते हे त्यांना कळत नाही, आणि विचारायला तेवढा एकच शब्द ओळखीचा आहे. तेव्हा रविवारच्या फोनला नुसतं हो म्हणू नकोस. आठवड्यातला एक खटला वही न उघडता त्यांना सांग. नावं मराठीत, गोष्ट मराठीत, 'अब इनिशिओ' वगैरे तोंडातून बाहेर पडता कामा नये. सुरुवात धर्मोदासपासूनच कर. घर गहाण, सावकार, सही करणारा पोरगा अज्ञान. यातलं तुझ्या वडिलांना काहीच समजावून सांगावं लागणार नाही. ते मध्येच विचारतील, 'मग सावकाराचे पैसे बुडाले का?' तू बुडाले म्हणशील. त्यावर ते म्हणतील, 'असं कसं? पोरानं पैसे तर घेतले होते ना?'

त्याचं उत्तर तुला फोनवर देता आलं की मला पुन्हा पत्र पाठव. नाही आलं तर तो प्रश्न समासात लिहून ठेव आणि सोमवारी सरांना विचार.